हिरव्या पट्ट्यावर धार मेली: एका वस्तऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वस्तऱ्याने दाढी करायला नव्याने लागलेल्या एका गृहस्थांचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वस्तरा, पट्टा आणि त्यांचं जे झालं ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

वस्तरा चांगला होता. कार्बन पोलादाचा, सहा-आठांश इंच रुंद, दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेला. विकणाऱ्याने 8000 ग्रिटच्या दगडापर्यंत धार लावून दिली होती (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणाचं माप; आकडा मोठा तितका कण बारीक). पट्टा एकच होता: भिंतीवरच्या हुकाला अडकवून ओढायचा, एका बाजूला चामडं आणि दुसऱ्या बाजूला जाड सुती पट्टी. सुती बाजू ते वापरतच नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडेल.

दाढी व्हायची, पण हनुवटीखाली वस्तरा ओढायचा आणि नंतर आग व्हायची. धारेला शेवटचा हात कमी पडतोय, असा त्यांनी अंदाज बांधला आणि पॉलिशची हिरवी वडी आणली. चामड्याला पूड (धातू घासणारे बारीक कण; वडीत ते मेणात कालवलेले असतात) लावली की धार गुळगुळीत होते, एवढं त्यांनी ऐकलं होतं आणि तेवढं खरंही आहे. वडी थोडी गरम करून त्यांनी ती चामड्यावर खडूसारखी रगडली. सगळं चामडं गडद हिरवं होईपर्यंत.

अडचण

पहिली दाढी सुरेख झाली. या सगळ्या गुंत्याचं मूळ त्या पहिल्या दाढीत आहे, कारण तिच्यामुळे उपाय बरोबर आहे अशी खात्री पटली. दुसरी आणि तिसरीही बरी झाली. मग ओढणं परत सुरू झालं. त्यांनी फेरे वाढवले. ओढणं आणखी वाढलं, म्हणून वडीचा आणखी एक थर चढला. काही आठवड्यांत वस्तरा हातावरचे केससुद्धा नीट काढेना आणि चामड्यावर काळ्या, चकचकीत गाठी धरल्या.

वस्तरा आणि पट्टा माझ्याकडे आला तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता: "वडी चुकीची लागली का? दुसरी कुठली आणू?"

हा प्रश्नच अर्धवट होता. वडीत दोष होता, पण तो दुय्यम. खरी गोष्ट अशी की साधा पट्टा आणि पूड लावलेला पट्टा ही दोन वेगळी हत्यारं आहेत. साधं चामडं पोलाद जवळजवळ काढत नाही. दाढीत किंचित वाकलेली धार ते सरळ करतं आणि पुसून घेतं. त्यामुळे त्यावर रोज पन्नास-साठ फेरे मारले तरी बिघडत नाही. पूड लागली की तोच पट्टा मऊ पाठीचा निसणा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला पोलाद खातो. त्या काळ्या गाठी म्हणजे हेच खाल्लेलं पोलाद, मेणात कालवलेलं. या गृहस्थांकडे पट्टा एकच असल्याने जे काम महिन्या-दीड महिन्यातून एकदा, दहा-बारा फेऱ्यांत उरकायचं, ते रोज सकाळी पन्नास फेऱ्यांनी होत होतं.

तपासणी

दगड ओला करण्याआधी मार्कर पेन काढलं. वस्तऱ्याची रचना अशी असते की पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. धारेचा कोन पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी यांवरूनच ठरतो, बहुतेक वस्तऱ्यांत तो 16 ते 18 अंशांच्या आसपास असतो. धारेच्या उतारावर (कडेलगतच्या घासलेल्या तिरक्या भागावर) दोन्ही बाजूंनी काळी शाई फासली, वाळू दिली आणि 8000 च्या दगडावर अगदी हलक्या हाताने चार-पाच फेरे मारले. मग भिंगाखाली पाहिलं.

उतारावरची शाई पाठीकडून जवळजवळ सगळी गेली होती. पण अगदी कडेला, टाचेपासून (पात्याच्या मुठीकडच्या टोकापासून) पुढच्या टोकापर्यंत, दोऱ्याएवढी बारीक काळी रेघ अखंड शिल्लक होती. म्हणजे दगड धारेपर्यंत पोचतच नव्हता. कड गोल झाली होती. दिव्याखाली पातं धारेच्या बाजूने डोळ्यासमोर धरलं, तर तीच कड मधेमधे चमकायची. नीट धार लागलेली कड अशी धरली तर दिसत नाही. चमकते ती बोथट.

गोल कशी होते, ते समजून घेण्यासारखं आहे. चामडं दाबलं जातं. पातं पाठ पुढे ठेवून सरकतं तेव्हा त्याच्या भाराने दबलेलं चामडं कड निसटताच मागे वर उठतं आणि कडेला जास्त कोनातून घासतं. साध्या चामड्यात हे चालून जातं, कारण तिथे घासणारं काही नसतं. पूड असली की प्रत्येक फेऱ्याला कडेचा कणभर भाग जास्त कोनातून झिजतो. त्यात पट्टा टांगता असला आणि सैल धरला, तर मधला झोळ भर घालतो. या पट्ट्याला झोळ होता, हे त्याच्या मधोमध जास्त काळवंडलेल्या पट्टीवरून दिसत होतं.

वडीबद्दलही दोन शब्द. अशा हिरव्या वड्या मुळात फिरत्या चाकावर धातू चकाकवण्यासाठी असतात. त्यांत क्रोमियम ऑक्साइड असतं, पण पुष्कळदा त्यासोबत ॲल्युमिनियम ऑक्साइडही असतं आणि कण एका मापाचे असतीलच असं नाही. चाकूला याने फरक पडत नाही. वस्तऱ्याला पडतो. 8000 च्या दगडाचा कण साधारण 1.2 मायक्रॉनचा असतो. त्याच्यानंतर वापरायची पूड 0.5 मायक्रॉनच्या घरात हवी. तिच्यात चार जाडे कण आले तर दगडाने केलेलं काम उलटं फिरतं.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय पट्ट्याचा. बोथट सुरीने मेण खरवडायचं, खोगीर धुण्याच्या साबणाने चामडं धुवायचं, वरून पॉलिश पेपर मारायचा आणि परत साधा पट्टा म्हणून वापरायचा, हा गृहस्थांच्या मनातला पर्याय होता. खर्च वाचतो, हा त्याचा गुण. पण चामड्याला छिद्रं असतात आणि गरम वडी रगडल्याने मेणासकट पूड आत मुरलेली होती. धुतल्यावर पट्टा स्वच्छ दिसेल, तो स्वच्छ आहे याची खात्री कशी करायची? शंका असलेला पट्टा रोजच्या वापरात ठेवू नये, असं माझं मत. तोच पट्टा कायमचा पूड-पट्टा म्हणून ठेवावा, हाही विचार झाला. पण लवचीक, टांगतं चामडं हा पुडीसाठी सगळ्यात वाईट पाया. ज्या कारणाने धार मेली तेच कारण जपून ठेवण्यात अर्थ नव्हता.

शेवटी त्या चामड्याला दुसरं काम दिलं. वरचा थर खरवडला, चामडं फळीला चिकटवलं आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी ठेवलं. सुरीचा कोन मोठा, कड जरा गोल झाली तरी भाजी कापली जाते.

दुसरा निर्णय दगडाचा: कुठून सुरुवात करायची? गृहस्थांना पोलाद कमीत कमी जावं असं वाटत होतं आणि ते रास्तच होतं. एक युक्ती होती. पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावला की पाठ उचलली जाते, कोन जवळपास एका अंशाने वाढतो आणि दगड थेट कडेला भिडतो. काम झटपट होतं. पण मग पुढे कडक पाटीवर (पूड लावलेल्या सपाट फळीवर) पूड वापरायची तर तिथेही दर वेळी चिकटपट्टी लावावी लागते, नाहीतर पाटी कडेपर्यंत पोचत नाही. हा नियम विसरला जाणार, हे उघड होतं. म्हणून युक्ती बाजूला ठेवली.

तिसरा निर्णय पायाचा. सुती पट्टी, नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड), फळीवर चिकटवलेलं चामडं आणि बाल्सा लाकूड, हे चार पर्याय होते. सुती पट्टीवर पूड छान धरते आणि तीच सुरुवातीला वापरली असती तर निदान चामडं तरी वाचलं असतं; पण ती टांगती असल्याने झोळाचा प्रश्न तसाच राहतो. नमदा मऊ. फळीवरचं चामडं बरं, तरी दबतंच. बाल्सा हलकं असतं, त्याच्या रेषांत पूड अडकते आणि हलक्या हाताखाली ते फारसं दबत नाही. शिवाय झिजलं की घासून परत सपाट करता येतं. 

पुडीवरून मात्र आमचं एकमत झालं नाही. माझी पसंती 0.5 मायक्रॉनच्या शुद्ध क्रोमियम ऑक्साइडला. गृहस्थांना हिऱ्याची 0.25 मायक्रॉनची पेस्ट हवी होती. बारीक म्हणजे चांगली, हा त्यांचा साधा हिशेब. शेवटी दोन पाट्या करायच्या ठरल्या.

काय केलं

आधी दगड. 4000 पासून सुरुवात केली, कारण गोलाई फार खोल नसावी असा अंदाज होता. बऱ्याच फेऱ्यांनंतर शाईची रेघ मधल्या भागातून गेली, टाचेकडूनही गेली, टोकाकडचा साधारण बोटभर भाग मात्र हटेना. इथे दोन वाटा होत्या: 4000 वरच रेटत राहायचं किंवा 1000 वर उतरायचं. रेटताना हात नकळत दाबतो, दाबला की पातळ पातं वाकतं, आणि वाकलेलं पातं दगडावर भलत्याच कोनात घासलं जातं. म्हणून 1000 वर उतरलो, पण मोजकेच आणि हलके फेरे मारून, दर थोड्या फेऱ्यांनी शाई बघत. रेघ गेल्यावर 4000, मग 8000. शेवटी 8000 वर फक्त वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने. हातावरचे केस आता त्वचेला न टेकता उडत होते. इथवर आल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही. पूड उतार घडवत नाही, घडलेला उतार फक्त चकाकवते.

मग पाटी. ही तयारी सावकाश सांगतो, कारण लोक घाई करतात ती इथेच.

बाल्साचा तुकडा वस्तऱ्याच्या लांबीला पुरेल इतका, साधारण तीन इंच रुंद आणि फूटभर लांब घेतला. तो जाड काचेच्या पट्टीवर चिकटवला, नाहीतर हवेतल्या ओलीने लाकूड वाकतं. दुसऱ्या सपाट काचेवर 320 चा पॉलिश पेपर पसरला. पाटीवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि ती पेपरवर, न दाबता, सरळ आणि आडवी घासली. सगळ्या रेघा एकदम गेल्या पाहिजेत. मधल्या रेघा राहिल्या तर मध्ये खळगा आहे, कडेच्या राहिल्या तर कडा खाली आहेत. आमच्या पाटीच्या एका कोपऱ्यातल्या रेघा बराच वेळ जाईनात. तो कोपरा तसाच सोडायचा मोह दोघांनाही झाला. रेघा जाईपर्यंत घासलं. मग भुसा ब्रशने झाडून काढला. पॉलिश पेपरचा एखादा कण लाकडात अडकून राहिला तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून झाडणं दोनदा केलं.

आता पूड. क्रोमियम ऑक्साइडची पूड कोरडी होती. ती उडते आणि नाकात जाता कामा नये, म्हणून मास्क लावला आणि पंखा बंद केला. पाटीवर मिनरल ऑइलचे मोजके थेंब बोटाने पसरले, तेलाचा ओलावा दिसेल पण चकाकी दिसणार नाही इतके. त्यावर चिमटीभर पूड भुरभुरली आणि बोटाच्या पेराने गोल गोल मुरवली. लाकूड फिक्या हिरव्या रंगाचं झालं आणि रेषा वरून दिसत राहिल्या. गृहस्थ म्हणाले, "एवढीशी? पसरली तरी आहे का नीट?" कोरडं बोट फिरवलं तर त्याला हिरवट छटा लागली, थर लागला नाही. हीच खूण. जास्त पूड जास्त कापत नाही. तिचा थर कडेपुढे गोळा होतो, कड त्या थरात बुडते आणि परत गोल व्हायला लागते. उरलेली पूड कागदाने पुसून घेतली.

हिऱ्याच्या पेस्टची पाटी अशीच केली, फक्त त्याआधी हात साबणाने धुतले आणि दुसरी फडकी घेतली. जाड कण बारीक पाटीवर गेला तर ती पाटी बाद, म्हणून दोन्ही पाट्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवायच्या असं ठरलं.

फेरे मारताना पाठ पुढे, कड मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरून उलटायचं, कडेवरून कधीच नाही, आणि पाठ पाटीवरून उचलायची नाही. दाब नाहीच. गृहस्थांचा हात सवयीने जड पडत होता. त्यांना वस्तरा फक्त दोन बोटांनी धरायला लावला, तेव्हा तो हलका झाला. क्रोमियमवर दहा फेरे, मग हिऱ्यावर दहा. पातं स्पिरिटने पुसलं आणि नवीन साध्या चामड्यावर साठ फेरे.

परिणाम

केसाची परीक्षा थक्क करणारी झाली. डोक्याचा केस मुळाच्या बाजूने चिमटीत धरून कडेवर नुसता टेकवला की तुकडा खाली पडत होता, टाचेपासून टोकापर्यंत सारखा. दाढी मात्र तशी झाली नाही. वस्तरा कुठे अडला नाही, पण मानेवर आग झाली, मूळ तक्रारीपेक्षाही थोडी जास्त.

हिरा फार कठीण, त्याचे कण धारदार कोनांचे. त्याने कड अतिशय तीक्ष्ण होते, पण तिला एक खरखरीत स्वभाव येतो, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. पुढच्या वेळी क्रम बदलला: हिरा सोडून दिला आणि क्रोमियमच्या पाटीवर पंधरा फेरे, मग साधं चामडं. केसाच्या परीक्षेत कड किंचित मागे पडली, एक-दोन ठिकाणी केस कापण्याऐवजी वाकला. दाढी सौम्य झाली, मानेवरही. गृहस्थांनी हिऱ्याची पाटी कपाटात ठेवली आणि अजून तरी काढलेली नाही.

त्यानंतर रोज फक्त सुती पट्टी (नवीन पट्ट्याची, आता वापरात आलेली) आणि साधं चामडं. साध्या चामड्याने धार परत येईनाशी झाली की हिरव्या पाटीवर दहा-एक फेरे. काही महिन्यांनी शाईची परीक्षा परत घेतली. 8000 वर थोड्याच फेऱ्यांत कडेची शाई निघाली, म्हणजे दगड पोचत होता. पाटीवर मात्र मधोमध काळपट पट्टे दिसू लागले होते. पेन्सिलच्या रेघा मारून घासल्यावर तिथे खळगा निघाला, अगदी उथळ, पण होता. पाटी सपाट करून परत पूड लावली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी हुकलेली संधी अगदी सुरुवातीची. मूळ तक्रार धारेचीच होती का, हे आता कळायचा मार्ग नाही. विकणाऱ्याने लावलेली कड पुडीने घासली जाण्याआधी भिंगाखाली कुणी पाहिली नाही. 8000 चे ओरखडे खोल राहिले असतील, किंवा शेवटचे फेरे दाबून मारले गेले असतील. कदाचित धार ठीकच असेल आणि गृहस्थांचा पात्याचा कोन चेहऱ्यावर जास्त उभा पडत असेल. नवशिक्यांच्या बाबतीत हे तिसरं कारण बरेचदा निघतं. तसं असतं तर पुडीची गरजच नव्हती.

दुसरी गोष्ट, पहिल्या प्रयोगात पाया आणि पूड दोन्ही एकदम बदलले. त्यामुळे आग हिऱ्याने झाली की बाल्साच्या कडकपणाने, हे लगेच सांगता आलं नाही. आधी एकच पाटी, एकच पूड आणि दोन-तीन दाढ्या, असं केलं असतं तर एक दाढी आणि हिऱ्याच्या पेस्टचा खर्च दोन्ही वाचले असते.

दगडावरच्या 4000 की 1000 या निर्णयाबद्दल मतं वेगळी असू शकतात. काही जाणकार म्हणतील, 4000 वरच धीर धरला असता तर कमी पोलाद गेलं असतं. शक्य आहे. टोकाकडचा तो बोटभर भाग सोडून उरलेली कड तयारच होती, आणि टोकाकडेच वजन नेऊन फेरे मारायची पद्धतही आहे. ती निवडली नाही, कारण टोक थोडं जास्त झिजून पात्याची रेघ बिघडण्याचा धोका होता आणि दुसऱ्याच्या वस्तऱ्यावर तो घ्यावासा वाटला नाही.

सुऱ्यांसाठी ठेवलेल्या त्या जुन्या हिरव्या चामड्यावर आता मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: "वस्तरा लावू नये."